बाणांचा संत, बुरुजाचे नाव

तारापूर म्हटले की आज आधी अणुवीज केंद्र आठवते. १९६९ साली इथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून वीज मिळू लागली आणि पालघरच्या किनाऱ्यावरचे हे गाव देशाच्या नकाशावर ठळक झाले. मग आठवते ती बोईसरची औद्योगिक वसाहत आणि पहाटेच्या लोकलने तिथे उतरणारी गर्दी. पण खाडीच्या दोन अंगांना वसलेल्या चिंचणी-तारापूरचे नाव त्याआधी दोनशेतीस वर्षे एका वेगळ्याच कारणाने पुण्यापर्यंत गाजले होते. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तारापूरच्या पोर्तुगीज कोटाला वेढा घातला, सुरुंगांनी तट फोडला आणि त्या खिंडारात दोन्ही बाजूंची माणसे हातघाईवर आली. बाजीराव पेशव्यांचा जिवलग बाजी भीवराव रेठरेकर तिथे गोळी लागून पडला. त्याच्या आईला बाजीरावाने पाठवलेले सांत्वनपत्र मराठी इतिहासाच्या वाचकांना आजही ठाऊक आहे.

तटाच्या आत जे लढत होते त्यांच्या पंचांगात त्याच महिन्यात एका शिपायाचा सण येत होता. २० जानेवारी हा संत सेबॅस्टियनचा दिवस. रोमच्या बादशहाच्या अंगरक्षक दलातला अधिकारी, श्रद्धेपायी बाणांनी विंधला गेलेला, म्हणून सैनिकांचा आणि तिरंदाजांचा पाठीराखा. पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे त्यांनी त्याचे नाव नेले, आणि बहुतेक ठिकाणी ते दगडी तटाला दिले. उत्तर कोकणातही तेच झाले. वसईच्या किल्ल्यात त्याच्या नावाचा बुरूज आहे, आणि तारापूर पडल्यानंतर चारच महिन्यांनी पोर्तुगिजांचे वसईतले राज्य त्याच बुरुजाच्या खिंडारातून संपले.

या संताच्या कथेत एक विलक्षण गोष्ट आहे. तो शिपाई आहे, पण पूर्ण कथेत एकदाही शस्त्र उचलत नाही.

कथा अशी आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीला रोमवर डायोक्लेशियनचे राज्य होते. सेबॅस्टियनचे घराणे गॉलमधल्या नार्बोनचे, तो वाढला मिलानमध्ये. सैन्यात शिरला आणि बादशहाच्या खास पहाऱ्यात अधिकाराच्या जागेवर पोचला. तो ख्रिस्ती होता आणि ही गोष्ट त्याने लपवून ठेवली होती. जीव वाचवणे एवढाच त्यामागे हेतू नव्हता. त्या पोशाखामुळे तुरुंगाचे दरवाजे त्याला उघडत. मार्कस आणि मार्सेलियन या जुळ्या भावांना मृत्युदंड झाला होता. त्यांचे म्हातारे आईबाप, बायका, लेकरे रोज तुरुंगात येऊन विनवत, देवतांपुढे चिमूटभर धूप टाका आणि घरी चला. भाऊ डळमळू लागले तेव्हा सेबॅस्टियन पुढे आला आणि त्यांच्याशी बोलला. तो बोलत असताना तुरुंगाधिकाऱ्याची बायको झोए त्याच्या पाया पडली. सहा वर्षांपासून तिची वाचा गेली होती. त्याने तिच्या ओठांवर क्रुसाची खूण केली आणि ती बोलू लागली, असे चरित्रकार सांगतो.

पुढे भेद फुटला. बादशहाला विश्वासघाताचा संताप आला. त्याने सेबॅस्टियनला मैदानात नेऊन तिरंदाजांच्या हवाली केले. बाणांनी अंग भरून गेल्यावर तिरंदाज तो मेला असे समजून निघून गेले. रात्री आयरीन नावाची एक विधवा प्रेत उचलायला आली. तिच्या नवऱ्याने, कास्तुलसने, याच छळात प्राण दिले होते. तिला दिसले की या माणसाचा श्वास चालू आहे. तिने त्याला घरी नेले, बाण उपसले, जखमा धुतल्या, आणि तो बरा झाला.

कथा इथे संपली असती तर ती एका चमत्काराची कथा राहिली असती. पण बरा झाल्यावर मित्रांनी शहर सोड म्हटले तरी सेबॅस्टियन ऐकेना. बादशहा ज्या पायऱ्यांवरून जायचा तिथे तो जाऊन उभा राहिला, आणि निरपराध माणसांचा छळ थांबवा असे त्याच्या तोंडावर म्हणाला. मेलेला माणूस समोर उभा पाहून डायोक्लेशियन आधी चपापला, मग त्याने हुकूम दिला. या वेळी सोट्यांनी मारून मारून प्राण घेतला गेला, आणि लोकांनी पूजू नये म्हणून प्रेत शहराच्या मोठ्या गटारात टाकले. लुसिना नावाच्या एका स्त्रीने ते शोधून काढले आणि अप्पियन मार्गाजवळच्या भुयारी दफनभूमीत पुरले.

चित्रकारांनी मात्र यातला एकच क्षण उचलला. मान्तेन्यापासून ग्विदो रेनीपर्यंत सगळ्यांनी खांबाला किंवा झाडाला बांधलेला, बाण रुतलेला तरुण रंगवला, आणि जगभर समजूत झाली की सेबॅस्टियन बाणांनी मेला. खरे तर बाणांतून तो वाचला. आयरीनच्या हातांनी वाचला. त्याच्या पुढच्या कीर्तीचे सगळे बीज या वाचण्यात आहे. आणि रोममधल्या सान पिएत्रो इन विंकोली या चर्चमधले त्याचे सातव्या शतकातले मोझॅइक पाहिले तर तिथे तरुणही नाही आणि बाणही नाहीत. तिथे आहे दाढीवाला, पोक्त वयाचा, अंगभर कपडे ल्यालेला माणूस.

यातला इतिहास किती? इसवी सन ३५४ च्या रोमन पंचांगात हुतात्म्यांची यादी आहे. तिच्यात २० जानेवारी या तारखेसमोर सेबॅस्टियनचे नाव आणि त्याच्या दफनाची जागा नोंदलेली आहे. मिलानचा बिशप आंब्रोज चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा उल्लेख आपल्या शहराचा म्हणून करतो आणि तो रोमला जाऊन मेला असे सांगतो. म्हणजे माणूस होता, त्याचा मृत्यू श्रद्धेपायी झाला, आणि त्याची समाधी लोकांना माहीत होती. तुरुंगातले संवाद, झोए, आयरीन, पायऱ्यांवरची भेट हे सगळे पाचव्या शतकातल्या चरित्रातून येते, म्हणजे घटनेनंतर दीडशे वर्षांनी. आपल्याकडच्या संतचरित्रांची ओळख असलेल्या वाचकाला हे अंतर नवे वाटणार नाही. ज्ञानेश्वर आणि महीपती यांच्या मध्ये तर साडेचारशे वर्षे आहेत.

सेबॅस्टियनच्या कथेला बळ देणाऱ्या, त्याच काळातल्या दुसऱ्या शिपायांच्या हकिकती मात्र कोर्टाच्या नोंदीसारख्या कोरड्या भाषेत उरल्या आहेत. इसवी सन २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या तेबेस्सा इथे मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाला भरतीसाठी उभे केले. त्याचा बाप सैन्याशी संबंधित होता. उंची मोजली गेली, गळ्यात शिक्का बांधायची वेळ आली आणि मुलाने नकार दिला. मी ख्रिस्ती आहे, मला शिपाईगिरी करता येणार नाही. दंडाधिकाऱ्याने त्याला समजावले, की बादशहाच्या पहाऱ्यात ख्रिस्ती शिपाई आहेत आणि ते नोकरी करतात. त्याने ऐकले नाही. १२ मार्चला त्याचा शिरच्छेद झाला. तीन वर्षांनी आजच्या मोरोक्कोतल्या टॅंजिअरमध्ये मार्सेलस या शतपतीने बादशहाच्या वाढदिवसाच्या मेजवानीत निशाणांपुढे कमरपट्टा काढून टाकला आणि चाकरी संपली म्हणून सांगितले. त्यालाही मरण मिळाले. या काळातल्या छळाची सुरुवात सैन्यातून झाली, असे लॅक्टान्शियस लिहितो: शिपायांनी यज्ञ करावा, नाहीतर नोकरी सोडावी. २४ फेब्रुवारी ३०३ रोजी निकोमीडियाला फर्मान लागले आणि छळ सगळ्या साम्राज्यभर पसरला. त्या दंडाधिकाऱ्याच्या तोंडचे वाक्य फार मोलाचे वाटते. बादशहाच्या पहाऱ्यात ख्रिस्ती शिपाई आहेत हे तो सहज बोलून गेला, आणि सेबॅस्टियनसारखी माणसे त्या पहाऱ्यात खरोखर होती याला साक्ष मिळाली.

आता बाणांकडे.

जुन्या जगात बाण आणि साथ यांचे नाते फार घट्ट होते. ग्रीकांच्या इलियडची सुरुवातच अपोलो देव छावणीवर बाण सोडतो आणि माणसे रोगाने पटापट मरतात इथून होते. स्तोत्रसंहितेतही दिवसा सुटणारा बाण आणि अंधारात फिरणारी मरी शेजारी शेजारी येतात. मग ज्याने अंगावर बाण झेलले आणि जो त्यांतून उठला त्याच्याकडे रोगाच्या वेळी लोक वळले यात नवल नाही. ६८० मध्ये रोम आणि पाव्हिया या शहरांत प्लेग माजला. सेबॅस्टियनच्या नावाची वेदी उभारल्याशिवाय रोग हटणार नाही असा कौल मिळाल्याचे आणि वेदी उभारताच तो हटल्याचे पॉल द डीकन हा इतिहासकार लिहून ठेवतो. तिथून पुढे हजार वर्षे युरोपात प्लेग आला की सेबॅस्टियनला साकडे घालायचे. १५७६ च्या भयंकर साथीत मिलान शहराने त्याला मंदिर बोलले आणि ते बांधलेही.

आपल्या गावांत मरीआईचा गाडा ओढून वेशीबाहेर नेऊन सोडायचे, त्या मागणीचा आणि या मागणीचा गाभा एकच. फरक देवतेच्या स्वभावात आहे. मरीआई स्वतः कोपते आणि स्वतःच शांत होते. तिची मनधरणी करावी लागते. सेबॅस्टियन कोपत नाही. तो रोग देणाऱ्यांच्या बाजूचा नाही, भोगणाऱ्यांच्या बाजूचा आहे, आणि त्याची शुश्रूषा एका बाईने केलेली आहे.

पोर्तुगिजांनी मात्र त्याला दरबारात आणि गोदीत नेले. १५२७ मध्ये रोमची लूट झाली. त्या धुमाळीत संताच्या हाताचा अवशेष मिळवला गेला आणि सम्राट पाचव्या चार्ल्सकडून तो पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याच्याकडे आला. जुआंवची मुले एकामागून एक मेली. शेवटचा वारस तरुणपणीच गेला तेव्हा त्याची बायको गरोदर होती. तिला प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या आणि लिस्बनचे लोक तो अवशेष घेऊन रस्त्यावर उतरले. २० जानेवारी १५५४ ला मुलगा झाला. संताच्याच दिवशी जन्मल्यामुळे त्याचे नाव सेबॅस्टियन ठेवले. कवी कामोइंशने आपले महाकाव्य १५७२ मध्ये याच राजाला अर्पण केले. १५७८ मध्ये हा चोवीस वर्षांचा राजा मोरोक्कोवर चालून गेला आणि अल्काझारकिवीरच्या रणांगणात नाहीसा झाला. दोन वर्षांनी पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाकडे गेला. राजा मेलाच नाही, तो परत येईल, अशी आशा पोर्तुगीज लोकांनी पुढे शतकानुशतके जपली.

त्या पिढीत हे नाव सगळ्या समुद्रांवर पसरले. हिंदुस्थानाकडे येणारी जहाजे मोझांबिक बेटावर थांबत. तिथल्या किल्ल्याचे नाव सेबॅस्टियन. पश्चिमेला १ मार्च १५६५ रोजी इस्तासियो द सा या कप्तानाने ब्राझीलमध्ये शहर वसवले, त्याचे पूर्ण नाव सां सेबॅस्तियांव दो रिओ दे जानेइरो. दोन वर्षांनी, बरोबर २० जानेवारीला, फ्रेंचांशी आणि त्यांच्या तामोयो मित्रांशी निर्णायक लढाई झाली आणि त्या कप्तानाच्या तोंडावर बाण लागला. महिन्याभरात तो त्या जखमेने मेला. बाणांच्या संताच्या नावाचे शहर, त्याच्याच सणाचा दिवस, आणि संस्थापकाला बाण. अशा घटना त्या काळच्या मनावर काय ठसा उमटवत असतील याची कल्पना करता येते.

वसईत हे नाव रिओच्याही आधी आले. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ च्या तहात वसई पोर्तुगिजांना दिली. गव्हर्नर नुनो द कुन्हाच्या हुकुमाने गार्सिया द सा याने १५३६ मध्ये किल्ल्याचे काम उभे केले. आतल्या जुन्या कोटालाही सेबॅस्टियनचे नाव आहे, आणि पुढे शहराभोवती लांब तटबंदी झाली तेव्हा तिसऱ्या जुआंवच्या राज्यात, अफोंसो द नोरोन्या व्हाइसरॉय असताना, त्याच्याच नावाच्या बुरुजाचा पाया घातला गेला. तसा शिलालेख होता. मुंबईत वैद्यकी करणाऱ्या गर्सन द कुन्हा या गोमंतकीय विद्वानाने १८७६ मध्ये चौल-वसईच्या इतिहासावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि असे कितीतरी लेख टिपून ठेवले. वसईच्या बुरुजांची नावे म्हणजे संतांची यादीच आहे: सां पेद्रू, सां पावलू, सां जुआंव, सांतियागो, सां गोन्सालो, माद्रे दे देउश, रेमेदियोस. यांत सेबॅस्टियनचा बुरूज जमिनीच्या बाजूचा. समुद्राकडून पोर्तुगिजांना भीती नव्हती. जे यायचे ते इकडूनच येणार होते.

१५५९ मध्ये दमण जिंकल्यावर संजाण, डहाणू, तारापूर हा पट्टाही पोर्तुगिजांकडे आला. वसई ते दमण अशी ठाण्यांची माळ झाली: केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू, आणि आत डोंगरावर अशेरी. तारापूर त्यांतले मोठे आणि मजबूत ठाणे. खाडीतून लाकूड आणि भात बाहेर जाई, कोटात कप्तान, शिबंदी आणि पाद्री.

शिबंदीला संत हवे असत, ते केवळ नावापुरते नव्हे. पादुआचा संत अंतोनी हा तर फ्रान्सिस्कन भिक्षू. पोर्तुगिजांनी १६६८ मध्ये त्याला लागोशच्या पलटणीत शिपाई म्हणून भरती केले आणि त्याच्या नावे पगार सुरू केला. जुन्या गोव्यातल्या त्याच्या मूर्तीला कप्तानाचा हुद्दा होता. वर्षातून एकदा मूर्ती मिरवत खजिन्यापर्यंत नेत आणि तिचा पगार घेत. साम्राज्याने भिक्षूला शिपाई केले. सेबॅस्टियनच्या बाबतीत ते काम सोपे गेले, कारण पोशाख त्याच्या अंगावर आधीच होता. त्या पोशाखातल्या माणसाने बादशहाला काय सुनावले होते याची मात्र सोयीस्कर आठवण ठेवली गेली नाही.

कारण उत्तर कोकणात देवळे पाडली गेली, हिंदूंच्या विधींवर बंदी आली, आणि गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायपीठ बसले. या न्यायपीठाची सर्वांत कडक नजर नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसांवर होती. घरात जुना विधी केला, जुने गाणे म्हटले, एवढ्यावरून चौकशी होई. जो माणूस सरकारी देवतेपुढे धूप टाकायला नाही म्हणाला म्हणून मारला गेला, त्याच्या नावाच्या बुरुजाआड बसून दुसऱ्यांच्या श्रद्धेची झडती घेतली जात होती. पोर्तुगिजांच्या दोनशे वर्षांच्या कारभारातले हे सगळ्यांत मोठे पाप, आणि १७३७ मध्ये मराठी फौजा साष्टीत उतरल्या त्यामागे ही तक्रारही होती. अंजूरचे गंगाजी नाईक आणि मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे यांनी पेशव्यांकडे ज्या खटपटी केल्या त्यांची हकिकत साष्टीच्या बखरीत आहे.

मराठ्यांच्या वेढ्याआधीच वसईला दुसऱ्या शत्रूने गाठले होते. जेमेल्ली कारेरी हा नेपल्सचा वकील जगप्रवासाला निघाला आणि १६९५ मध्ये दमणहून वसईला आला. त्याने लिहिले आहे की शहराचा उत्तरेकडचा तिसरा हिस्सा प्लेगमुळे ओस पडला आहे आणि हा रोग इथे काही वर्षांनी पुन्हा पुन्हा येतो.  ओसाड पडलेल्या हिश्श्याबद्दलची त्याची नोंद वाचताना सेबॅस्टियनचा तिथला दुसरा उपयोग लक्षात येतो. सैन्याने त्याचे नाव बुरुजाला दिले, पण साथीने पोखरलेल्या गल्ल्यांतल्या आयांनी त्याला बोलावले असेल ते आजारी लेकरांच्या उशाशी.

१७३८ च्या अखेरीला चिमाजी आप्पा पुन्हा कोकणात आले. आधी उत्तरेची ठाणी तोडायची आणि मग वसई आवळायची, असा बेत होता. जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे, शिरगाव, डहाणू आणि तारापूर ही ठाणी मराठ्यांच्या हाती पडली. यांत तारापूर सर्वांत महाग गेले. आतले लोक शेवटपर्यंत लढले. ग्रँट डफसारखा ब्रिटिश इतिहासकारही दोन्ही बाजूंच्या शौर्याची नोंद करतो. बाजी भीवराव गेला त्या खिंडारात नाव-गाव न नोंदलेले कित्येक मावळे, कोळी, भंडारी आणि कोटातले शिपाईही गेले. कोटातल्या शिपायांपैकी बरेच इथलेच, मराठी बोलणारे ख्रिस्ती होते हेही ध्यानात ठेवायला हवे.

फेब्रुवारीत वसईचा वेढा सुरू झाला. तीन बाजूंना पाणी आणि दलदल. हल्ला करायचा तो उत्तरेच्या वाळूच्या पट्ट्यातूनच. सेबॅस्टियनचा बुरूज आणि रेमेदियोसचा बुरूज याच अंगाला. मराठ्यांनी खंदक पुढे पुढे सरकवत तटाच्या मुळाशी सुरुंग नेले. आतला सेनापती मार्तिन्यो द सिल्वेरा वेढ्यात मारला गेला; त्याच्या जागी कायतानो द सौझा परेरा आला. मेच्या मध्यात सुरुंग उडवले. काही मराठ्यांच्याच लोकांवर उलटले, काहींनी तट उघडला. सेबॅस्टियनच्या बुरुजाचे खिंडार पडले आणि दोन दिवस त्या ढिगाऱ्यावर बॉम्ब, हातगोळे, बंदुका आणि तलवारी चालल्या. मराठ्यांचे हजारो लोक मेले किंवा जखमी झाले. १६ मे १७३९ रोजी पोर्तुगिजांनी तह केला आणि आठवड्याने ते आपल्या कुटुंबकबिल्यासह, शस्त्रांसह गलबतांत बसून निघून गेले.

त्या तहाच्या अटी वाचल्या की चिमाजी आप्पांबद्दलचा आदर वाढतो. एवढी माणसे गमावल्यावर सूडाची भाषा सहज सुचली असती. पण ज्यांना जायचे त्यांना बायकामुलांसह सुखरूप जाऊ दिले, आणि जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक राहिली. युरोपियन पाद्री गेले. त्यांच्या जागी गोव्याकडचे देशी पाद्री आले. चर्चच्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला, भीमाशंकरला त्या आजही टांगलेल्या आहेत. तारापूरचा कोट पुढे विकाजी मेहेरजी यांच्या पारशी घराण्याकडे गेला. तारापूरची अग्यारीही विकाजींनीच १८२० च्या सुमारास बांधली.

सेबॅस्टियनची बुरुजावरची नोकरी इथे संपली. आश्चर्य हे की त्याची भक्ती संपली नाही. पोर्तुगीज तोफा, कप्तान आणि हुकूम गेल्यावर वसई, साष्टी आणि मुंबईच्या गावांत जे ख्रिस्ती राहिले ते कोणाच्या धाकाने राहिले नव्हते. सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी घरांतून मराठीच्या आपापल्या बोलीत प्रार्थना चालू राहिल्या. गावच्या क्रुसापुढे लदीन ही सामुदायिक प्रार्थना म्हटली जात राहिली. वसईच्या या लोकांना स्वतःचा रक्तसाक्षीही होता: वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया. आधी व्यापारी, मग फ्रान्सिस्कन धर्मबंधू, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीला क्रुसावर चढवून भाल्यांनी विंधलेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. हिंदुस्थानात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. त्याच्या मरणातही राज्यकर्त्याचा हुकूम, लष्करी पहारा आणि विंधलेले शरीर आहे, आणि त्याच्याही हातात शस्त्र नाही.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत मांडवीला गाठीचा ताप दिसला आणि डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो प्लेग म्हणून ओळखला. लाखो माणसे शहर सोडून पळाली. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यांत गिरगाव, बांद्रे आणि साष्टीच्या गावठाणांत नाक्या-नाक्यावर क्रूस उभे राहू लागले. घरात मेणबत्ती लावून रोगाविरुद्ध सेबॅस्टियनला आणि मांडीवर प्लेगची गाठ दाखवणाऱ्या संत रॉकला आळवायचे, ही कॅथलिक घरांतली जुनी रीत. व्हिएगस स्वतः गोमंतकीय ख्रिस्ती. डॉक्टर पुरावा गोळा करत होता, बाया क्रुसापुढे गुडघे टेकत होत्या, आणि दोघांनाही एकाच घरातली माणसे वाचवायची होती. या क्रुसांपैकी कितीतरी अजून उभे आहेत. रस्ता रुंदीकरणाची नोटीस आली की त्यांच्यासाठी गावठाणातली माणसे महापालिकेत खेटे घालतात, आणि ते योग्यच आहे. त्या साथीत गेलेल्यांचे दुसरे स्मारक आपण उभारलेले नाही.

केरळात अलप्पुळाजवळ आर्तुंकलला तर हा संत धर्माची वेस केव्हाच ओलांडून गेला आहे. तिथल्या चर्चमधली मूर्ती १६४७ मध्ये मिलानहून आली असे सांगतात. लोक तिला गोऱ्या वडिलांच्या नावाने हाक मारतात. जानेवारीच्या उत्सवात नवस फेडायला धातूचे छोटे बाण वाहतात. शबरीमलाहून परतणारे अय्यप्पाचे भक्त वाट वाकडी करून येतात आणि गळ्यातली व्रताची माळ इथे उतरवतात. त्यांना ना डायोक्लेशियन माहीत, ना व्हाइसरॉय. ज्याला बाण लागले आणि जो बरा झाला, एवढे पुरते.

गोव्यात पणजीच्या फोंतायन्यास वस्तीत १८१८ मध्ये बांधलेले सेबॅस्टियनचे चॅपेल आहे. अरुंद गल्ली, पिवळ्या-निळ्या भिंती, टोकाला पांढरे चॅपेल. आत एक मोठा क्रूस आहे आणि त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. सहसा ते मिटलेले असतात. हा क्रूस मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातला. ज्यांची झडती चालायची ती माणसे त्याच्यापुढे उभी केली जात. १८१२ मध्ये न्यायपीठ कायमचे बंद झाले तेव्हा क्रूस पणजीला आदिलशहाच्या वाड्यात आणला, आणि विसाव्या शतकात तिथून या चॅपेलमध्ये. आता त्याच्यासमोर फोंतायन्यासची माणसे घरातल्या आजाऱ्यासाठी मेणबत्ती लावतात, आणि शेजारी बाण लागलेला शिपाई उभा असतो.